चिंचेने घासलेली नळी

बाजारपेठेच्या एका गावी एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या दिवंगत पत्नीचे लाटणे घेऊन वृद्ध कातार्‍याकडे गेला. हा म्हातारा लेथवर लाकूड कातून सुंदर पेने बनवीत असे.

"काका, या लाटण्याचं पेन करायचंय. पण माझ्या हातानं. मला शिकवा."

लाटणे शिसवीचे होते, तेलापिठाच्या हातांनी काळेभोर झालेले. व्यापार्‍याची मुलगी कुमुद आईच्या आजारपणापासून माहेरीच होती आणि आता सासरी परतणार होती. आईची आठवण म्हणून हे पेन तिच्या हाती द्यावे, एवढी एकच इच्छा बापाला होती. बोलून काही देणे त्याच्या स्वभावात नव्हते. पत्नीचे तेरावे आटोपताच त्याने दुकान उघडले. कोणी विचारपूस केली तर म्हणे, "आपलं काय, बरं चाललंय." गाव म्हणे, केवढा धीराचा माणूस! दुसर्‍याच्या धीराचे कौतुक करायला कोणाचे काय जाते?

म्हातार्‍याने रीत समजावली. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचे, सरस लावून त्यात पितळेची बारीक नळी बसवायची, सरस सुकला की तुकडा लेथवर चढवून पटाशीने कातायचा. आतून नळीचा आधार असतो म्हणूनच इतके पातळ लाकूड टिकते. आधी त्याने स्वतः नळ्या बसवलेले आंब्याच्या लाकडाचे तुकडे देऊन व्यापार्‍याचा हात बसवला. मग लाटणे कापून त्याचे तीन तुकडे केले.

"नळ्या मी घरी बसवून आणतो," व्यापारी म्हणाला. "पितळेत जन्म गेलाय माझा, तेवढं तरी शिकवू नका."

म्हातारा हसला आणि त्याने तुकड्यांना भोके पाडून दिली.

दुसर्‍या दिवशी पहिला तुकडा निम्मा कातून झाला आणि तडकन फुटला. चिपा भिंतीवर जाऊन आपटल्या. दुसर्‍याला व्यापार्‍याने अगदी हलका हात लावला, तोही फुटला. तिसर्‍याच्या वेळी म्हातार्‍याने स्वतः पटाशीला धार लावून दिली. गोलाई आली, शिसवीच्या रेषा उमटल्या, व्यापार्‍याने श्वास रोखून धरला, आणि तोही तुकडा लेथवरच उकलला.

व्यापार्‍याने पटाशी टाकून दिली. "संपलं. तिच्या रोजच्या हातातली एक वस्तू होती, तीही मीच मोडली."

म्हातार्‍याने भुशातून उघडी पडलेली नळी उचलली. तिला लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नव्हता. त्याने काचकागद घेतला आणि त्या चकचकीत नळीवर तो खसाखसा ओरखडे काढू लागला.

"लाकूड संपल्यावर हे कसलं खूळ?" व्यापारी चिडला.

"ही घासली होतीत?"

"चिंच लावून घासली. पितळ आहे ते! मळकट बसवायचं?"

"शेठ, विकायचं भांडं लखलखीत लागतं. पण गुळगुळीत पितळेला सरस धरत नाही. वरून जोडलेलं दिसतं, आत सगळं सुटं. पटाशी लागली की कळतं. नळीला आधी ओरखडे काढावे लागतात, तिथंच लाकूड धरतं. पहिला तुकडा फुटला तेव्हाच मी नळी बघायला हवी होती. चुकलो मी." मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "पण तुमच्या घरातही हेच चाललंय. वहिनी गेल्या, तुम्ही ओरखडा म्हणून कोणाला दिसू दिला नाहीत. ती पोर तुम्हाला धरायला बघते. धरणार कुठे?"

व्यापार्‍याने चिपांवरून हात फिरवला. "मग आता काय करू?"

"लाकूड गेलं, शेठ. ते काही मला परत आणता येणार नाही."

व्यापारी रिकाम्या हाताने घरी आला. कुमुद बॅग भरत होती. "बाबा, बरे आहात ना?" तिने सवयीने विचारले.

सवयीचे उत्तर ओठांवर आले, ते त्याने गिळले. "नाही गं. तुझी आई गेल्यापासून एक दिवस बरा नाही मी. तिचं लाटणंसुद्धा मोडलं माझ्या हातून." आणि तो दारातच बसून रडू लागला.

हातातली साडी टाकून कुमुद त्याच्याजवळ येऊन बसली. "मला वाटायचं, या घरात मी एकटीच रडते," ती म्हणाली.

इतके महिने ती त्याच घरात होती. आता सकाळी तिची गाडी होती.