म्हाळसाआत्याची फुंकर

फार वर्षांपूर्वी, सावरदऱ्यात वीज आली नव्हती आणि घड्याळ फक्त शाळेत होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात एक खुळी चढाओढ चालायची. ज्या घरात पोराच्या अभ्यासाचा दिवा सगळ्यांत उशिरा विझे, त्या घरच्या बाईला पाणवठ्यावर मान. "काल तुमचा कंदील बराच वेळ दिसत होता हो," असं कुणी म्हटलं की तिची भरलेली घागर हलकी व्हायची. मग दुसरीच्या पोटात दुखायचं आणि त्या संध्याकाळी ती आपल्या कंदिलात जास्त तेल ओतायची. पोर वाचत होतं की पुस्तकावर डोकं टेकून पेंगत होतं, ते पाणवठ्यावरून कुठे दिसतं?

याच गावात म्हाळसा राहायची. नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, म्हणून सगळ्या गावाची ती आत्या. तिची आधीची मुलं पाळण्यातच गेली होती. शेवटच्याचं नाव तिनं धोंडू ठेवलं. मरणाला वाटावं की इथे नुसता दगड आहे, आणि ते तसंच पुढे जावं.

मरण पुढे गेलं, धोंडू वाढला. पोर हुशार निघालं. तालुक्याच्या गावी मोठी परीक्षा असायची. ती पास होणाऱ्याला पुढे शिकायला ठेवून घेत, आणि शिकला की मास्तरकी ठरलेली. म्हाळसाला वाटायचं, तेवढं झालं की आपण सुटलो. म्हणून तिचा कंदील गावात सगळ्यांत शेवटी विझायचा. धोंडू पेंगला की ती त्याच्या डोळ्यांवर गार पाण्याचा हबका मारायची. भाकरीचे तुकडे वाचता वाचता त्याच्या तोंडात भरवायची. नदीवर पोहायला नाही, विटीदांडू नाही. आया चूक करतात तीही मन लावून करतात.

"आई, अक्षरं हलतात गं," धोंडू म्हणायचा.

"हलू देत. तू हलू नकोस."

परीक्षेच्या दिवशी मायलेकरं घाट चढून निघाली. वाटेत एक मोठा शिरीष आहे. तिथे धोंडूचे पाय थांबले. "जरा डोळा लावतो," तो म्हणाला. "मला उठव हं."

म्हाळसानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. घटकाभर पदरानं वारा घातला. मग हलवून म्हणाली, "धोंडू, ऊठ बाळा, उशीर होईल."

धोंडू उठला नाही.

असं म्हणतात, की भर उन्हात त्या शिरीषानं आपली सगळी पानं मिटून घेतली. शिरीषाची पानं तिन्हीसांजेला मिटतात, पण त्या दिवशी झाडालाही वाटलं की दिवस संपला.

त्यानंतर बरेच दिवस म्हाळसानं उंबरा ओलांडला नाही. मग एका संध्याकाळी, गावाची जेवणं उरकल्यावर ती घराबाहेर पडली. शेजारच्या अनसाबाईच्या ओसरीवर तिचा रघू कंदिलापाशी वाचत बसला होता. म्हाळसा गेली, काच वर केली आणि फुंकर मारली. मग पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. त्या संध्याकाळी सावरदऱ्यात अभ्यासाचा एकही दिवा उरला नाही.

अनसाबाई तिच्यामागे धावत आली. "तुझं पोर गेलं म्हणून आमच्यांनी अडाणी राहायचं का गं?"

"अडाणी राहील," म्हाळसा म्हणाली, "पण राहील."

अनसाबाई तशीच माघारी वळली.

उजाडायच्या वेळी तीच म्हाळसा प्रत्येक दारात उभी. पोरांना हाका मारून उठवायची, तांब्याभर पाणी प्यायला लावायची, नदीवर न्यायची. तोंड धुऊन, अंघोळ करून, पाढे म्हणत म्हणत पोरं चढण चढून घरी यायची. पारोशा अंगानं पुस्तकाला हात लावायचा नाही. जेवताना पुस्तक नाही आणि पुस्तकापाशी जेवण नाही. शाळेतून आल्यावर अंगाला माती लागेपर्यंत खेळायचं. दिवेलागणीला पुन्हा धडे, मग जेवण आणि मग फुंकर. बायका तोंडं वाकडी करायच्या. "स्वतःला जमलं नाही, आता गावाला शिकवते." ते म्हाळसाला ऐकू यायचं. ती मान हलवायची, कारण ते खरंच होतं.

पण पोरांच्या गालांवर रंग आला. सकाळी नदीवर म्हटलेलं संध्याकाळपर्यंत डोक्यात राहायला लागलं. पुढच्या परीक्षेला रघू निघाला, बरोबर अनसाबाई. शिरीषाखाली पोचल्यावर रघू म्हणाला, "आई, जरा बसतो," आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. हाक मारायचीही अनसाबाईला भीती वाटली. हाक मारली आणि उठला नाही तर?

रघू आपणच उठला. डोळे चोळत म्हणाला, "कुणीतरी मला हलवलं. म्हणालं, ऊठ, उशीर होईल."

निकाल ऐकून परत आल्यावर अनसाबाई आधी म्हाळसाच्या दारात गेली. "आत्या, रघू पास झाला. आणि त्याला तुमच्या धोंडूनं उठवलं हो."

"म्हणजे तो जागा आहे म्हणायचा," म्हाळसा म्हणाली. "मग माझ्या हाकेला का उठत नाही?"

रोज सकाळी गावातली सगळी पोरं उठवून झाली, की ती एकटी घाट चढून शिरीषाखाली जायची आणि तिथेही एक हाक मारायची. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हाकेनं उठलं. तेवढं एक नाही.

ती म्हातारी झाली, दारोदार फिरणं होईना. असं म्हणतात, की मग ती आपल्या उंबऱ्यात बसून फुंकर मारायची आणि वेशीपर्यंतचे दिवे विझायचे. आणि एका सकाळी कुणी हाक मारली नाही तरी गावातली पोरं आपोआप जागी झाली. आत्या घरात नव्हती. ती शिरीषाखाली सापडली, मांडी घातलेली, मांडीवर कुणाचं तरी डोकं असावं तसा हात ठेवलेला. सूर्य वर आला होता आणि झाडाची पानं मिटलेली होती.

आता सावरदऱ्यात वीज आहे. घरोघरी घड्याळं आहेत, आणि काळजी करणाऱ्या आयाही तेवढ्याच आहेत. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाली की आई बटण बंद करते आणि विझलेल्या बल्बवर एक फुंकर मारते. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुना पहिल्या वर्षी हसतात. स्वतःचं मूल शाळेत जायला लागलं की त्याही फुंकर मारतात.

आणि सकाळी मुलाला उठवताना त्या आधी त्याचं नाव घेत नाहीत. आधी म्हणतात, "धोंडू, ऊठ बाळा, उशीर होईल." मग थोडं थांबतात, कुणी ओ दिली तर ऐकू यावी म्हणून. मग आपल्या लेकराला हाक मारतात. आणि ते 'ऊं' म्हणेपर्यंत सावरदऱ्यातल्या कुठल्याही आईचा हात त्याच्या अंगावरून निघत नाही.