कल्हई न लावलेली तपेली

आठवणीलाही धड आठवत नाही अशा जुन्या काळी एक राज्य होतं. तिथे एकदा जमाती-जमातींत मोठी कापाकापी झाली, तेव्हा राजाने दवंडी पिटवली, "जो कोणी दुसऱ्याच्या जमातीला नावं ठेवील, त्याला राज्याबाहेर घालवू." हुकूम चांगला होता. त्याने पुष्कळ माणसं वाचली. पण चांगला हुकूमही डोकं चालवूनच पाळावा लागतो, आणि तिथेच सगळं बिनसलं.

त्या राज्यात लखू नावाचा एक कल्हईवाला, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर देणारा, होता. खांद्यावर भाता, झोळीत कथील आणि नवसागर, असा तो गावोगाव हिंडे. एरवी फारसा बोलत नसे. भांडी घासताना तेवढी माणसं बघत राही.

वर्षातून एकदा तो डोंगरवाडीला जाई. तिथली माणसं मायाळू. गोदाक्का नावाची म्हातारी तर तो दिसला की आधी भाकरी समोर ठेवी आणि मग म्हणे, "काय रे लखू, अजून जिवंत आहेस?"

डोंगरवाडीत एक रीत होती. लग्नं वाडीतल्या वाडीतच होत, आणि लेक सासरी निघाली की आई तिला तांब्याची तपेली देई. तिच्या बाळाचं दूध त्याच तपेलीत तापायचं आणि त्याच तपेलीत राहायचं. त्या तपेलीला कल्हई मात्र लावायची नाही. आईच्या भांड्याला परक्या हाताचा विस्तव लागला तर आईची माया जळते, असं ते मानत. बाकी सगळी भांडी लखूपुढे येत. तपेली कधी आली नाही.

आणि लखू दरवर्षी एक गोष्ट बघे. डोंगरवाडीची तान्ही मुलं जगत नसत. पोट फुगून टणक होई, डोळे पिवळे पडत, आणि पुढच्या वर्षी पाळणा रिकामा दिसे. हे खालच्या गावात होत नसे. पलीकडच्या खोऱ्यातही नाही. फक्त इथेच. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, विषारी होतं, हे लखूला बालपणापासून ठाऊक होतं. मग तासन् तास ठेवलेल्या दुधाचं काय होत असेल?

तीन वर्षं तो गप्प राहिला. दवंडीला भ्याला. चौथ्या वर्षी गोदाक्काच्या आठ महिन्यांच्या नातीचे डोळे त्याला पिवळसर दिसले. त्याच्या हातातली भाकरी हातातच राहिली. उठून तो थेट वाडीच्या नाईकाच्या अंगणात गेला.

"नाईक, तुमच्या लोकांची पोरं फार मरतात," तो म्हणाला. "त्या तपेलीतलं दूध थांबवा."

नाईकाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरं सगळ्या मुलखात मरतात. तू आमचीच बरी मोजलीस?"

"तुमचीच जास्त मरतात, म्हणून मोजली."

"म्हणजे आमच्या आया पोरांना विष पाजतात?"

"विष आहे हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून तर सांगतोय."

"तुला कल्हईला तपेल्या हव्यात, एवढंच." अंगणातली माणसं हसली.

"फुकट करून देतो. नाहीतर मातीचं मडकं घ्या, मला बोलवूच नका."

मग कोणी हसलं नाही. उलट चिडलेच. "खालच्यांनी पढवून पाठवलाय," कोणीतरी म्हणालं. त्यांनी लखूला दंडाला धरून डोंगराखाली, राजाच्या कारभाऱ्यापुढे नेलं. मागोमाग नातीला पाठीशी बांधून गोदाक्काही उतरली.

चावडीवर खालच्या गावचा पाटील बसला होता. सगळं ऐकून त्याला कोण आनंद झाला. "खरं बोलला कल्हईवाला. आम्ही पिढ्यान् पिढ्या हेच सांगतोय. त्या लोकांच्या रक्तातच कीड आहे. म्हणून तर आम्ही त्यांना विहिरीवर येऊ देत नाही."

आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या लखूच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. "पाटील, मी भांड्याबद्दल बोललो. तुम्ही रक्ताबद्दल बोलताय. माझ्या तोंडचे शब्द घेऊन त्यांच्या पोरांवर थुंकू नका."

"शब्द तर एकच आहेत," कारभारी म्हणाला. "डोंगरवाडीची पोरं मरतात. तोही तेच म्हणाला, तूही तेच म्हणालास."

"शब्द ऐकू येतात तुम्हाला, कारभारी. पोरं दिसत नाहीत?"

तेव्हा गोदाक्का पुढे झाली. "पाटील, आमची पोरं मरतात हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"माझ्या आज्यापासून."

"मग एकदा तरी डोंगर चढून आलात सांगायला?"

तिने लखूकडे बोट दाखवलं.

"हा आला," गोदाक्का म्हणाली. "माझ्या ताटात जेवतो आणि माझ्या तोंडावर बोलतो. नाईक, या दोघांतला फरक तुला कळत नसेल, तर पागोटं कशाला बांधलंयस?"

नाईकाला तो फरक कळला होता. पण चार लोकांत कळल्याचं दाखवणं त्याला जड गेलं. तो म्हणाला, "याने आमच्या जमातीला नाव ठेवलं. हुकूम काय आहे तो पाळा."

कारभाऱ्याने हुकूम पाळला. पाटील पडला पाटील, त्याला नुसती समज दिली. लखूला भात्यासकट सीमेपलीकडे सोडलं. पाटलाने घरी जाताना चार जणांना सांगितलं, कल्हईवालासुद्धा म्हणतो त्यांचं रक्त वाईट. डोंगरवाडीने त्या दिवसापासून कथलाचा कणसुद्धा वाडीत येऊ दिला नाही. पाटील म्हणाला ते लखू म्हणालाच नव्हता, आणि डोंगरवाडीने लखू म्हणाला ते ऐकलंच नाही.

गोदाक्काने मात्र घरी जाऊन तपेली पालथी घातली आणि मडक्यात दूध ठेवलं. लोकांनी तिला वाळीत टाकलं. नातीचे डोळे हळूहळू निवळले. ती रांगू लागली, मग चालू लागली. सगळी वाडी हे बघत होती. बघूनही तपेल्या चुलीवरच होत्या.

दोन वर्षांनी नाईकाचा स्वतःचा नातू गेला.

मग नाईक निघाला. सीमा ओलांडून, विचारत विचारत, एका परक्या गावाच्या पारावर त्याला लखू सापडला. नाईकाने पागोटं काढलं आणि काखेतली सुनेची तपेली त्याच्यापुढे ठेवली.

लखूने मान वर केली नाही. एवढंच विचारलं, "मी इकडे आल्यापासून किती पोरं गेली?"

"सात."

लखूचा हात भात्यावर थांबला. शिव्या पुष्कळ आल्या असतील ओठांवर, पण त्या सातांपैकी एकही शिवीने उठणार नव्हतं. "मी दोन वर्षं आधी सांगितलं होतं, नाईक," तो म्हणाला. "आणि त्याआधी तीन वर्षं मीही गप्प होतो. तीही पोरं हिशेबात धरा."

मग त्याने विस्तव फुंकला आणि तपेली तापायला ठेवली.

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, हे ध्यानात ठेवा: आपलं मूल वाचावं म्हणून जो बोलतो, त्याचं कडू बोलणं निंदा नसतं, आणि आपल्याला कमी लेखावं म्हणून जो बोलतो, त्याचं खरं बोलणंही निंदाच असतं.