करगोट्याची किल्ली

“...पण कीर्तन का बंद केलंत, बुवा?”

टेकडीवरच्या मठाच्या ओसरीवर बसून केरोबा बुवा चिंच लावून टाळ घासत होते. वर्षभरात एकदाही न वाजलेले टाळ.

विचारणारे रंगराव म्हणजे पायथ्याच्या गावातलं बडं प्रस्थ. पंचक्रोशीतली पहिली जीप त्यांची. घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही, असं लोक म्हणत. लोक विसरले, तर ते स्वतःच आठवण करून देत. भक्तीतही मागे नव्हते. टेकडी अनवाणी चढायचे आणि कीर्तनात पहिल्या रांगेत बसायचे.

“बरं, ऱ्हाऊ द्या,” रंगराव म्हणाले. “अंगारा घ्यायला आलोय. धाकट्या सुनेचे, यमुनेचे, दिवस भरलेत. गेल्या वर्षी थोरलीचं झालं, तसं व्हायला नको. जिवाला घोर लागलाय नुसता.”

“थोरलीचं काय झालं होतं?”

रंगराव चमकले. साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट बुवांना ठाऊक नसावी?

“नशीब, बुवा. सटवाईनं लिहिलेलं कुणाला पुसता आलंय? मूल आडवं आलं. सुईण म्हणाली, माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. तालुक्याला पोचेपर्यंत... दोन्ही जीव गेले.”

“सुईण कधी म्हणाली?”

“दिवेलागणीला.”

“निघालात कधी?”

“तुमचं कीर्तन संपल्यावर.”

बुवांचा हात टाळावर थांबला.

“गाडी?”

“दारातच होती की.”

“चालवणारा?”

“माझा उत्तम. तिचाच नवरा.”

“मग?”

“किल्ली माझ्यापाशी.” रंगरावांनी सदरा वर करून करगोट्याला बांधलेली किल्ली दाखवली. “गाडी घेतल्यापासून दुसऱ्याच्या हाती दिली नाही. मागितली की मी सोडून देतो, काम झालं की परत बांधतो.”

“उत्तम मागायला आला नाही?”

“आला ना! धापा टाकत टेकडी चढला. पण आरती व्हायची होती. मला कीर्तनातून उठवायची कुणाची छाती नाही, बुवा. वळण आहे आमच्या घराला. मागं खांबाला टेकून, हात जोडून बसला बिचारा.”

हे वाक्य रंगरावांनी आजवर अनेकांना सांगितलं होतं. सांगताना ऊर भरून यायचा. आज मात्र तेच वाक्य कानाला कसंतरीच लागलं. का, ते उमगेना.

“मी पाहिलं त्याला,” बुवा हळूच म्हणाले. “डोळ्यांना धार लागली होती. वाटलं, पोरगा रंगलाय... म्हणून आणखी एक अभंग घेतला.”

...

रंगराव पुरते गोंधळले. बुवांचा यात काय दोष? त्यांना काय ठाऊक? पोरगा बोलला नाही. पण पोरगा बोलणार कसा, तो तर वळणाचा. मग वळण लावलं ते... विचार तिथवर यायचा आणि ठेच लागल्यासारखा मागे फिरायचा. त्यांना एकदम भीती वाटली. कशाची, हे सांगता आलं नसतं.

“अंगारा द्या, निघतो,” ते म्हणाले. “सकाळपासून पोरीची कंबर धरलीय.”

बुवा ताडकन उठले.

“आज सकाळपासून?”

“व्हय. म्हणून तर आलो.”

“किल्ली सोड.”

“आँ?”

“सोड म्हणतो ना!”

बुवा कधी आवाज चढवत नसत. रंगरावांनी सदरा वर केला. जुनी गाठ घामानं घट्ट बसलेली. आज सुटता सुटेना. शेवटी सुटली. बुवांनी चिमूटभर अंगारा किल्लीला फासला आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

“बुवा, अंगारा सुनेच्या कपाळाला लावतात...”

“ही दाराजवळच्या खुंटीला टांग.”

“खुंटीला? आणि मी घरी नसलो, तर कुणीबी उठून गाडी नेईल. मला न विचारता!”

बुवांनी बोट दाखवलं. खाली, रंगरावांच्या अंगणात, जीपचं टप उन्हात चमकत होतं. गाडी जागच्या जागी उभी होती.

रंगरावांनी ते पाहिलं. हातातली किल्ली पाहिली. पायांना घाई झाली होती आणि डोक्यात काहीच शिरत नव्हतं. पायरी उतरता उतरता ते मागे वळले.

“मग यमुनेला काय लावू, बुवा?”

“काही लावू नकोस. पळत जा... आणि तिला ती खुंटी दाखव.”