पुढे बसणाऱ्याचे उत्तर

एकदा एका नौकागुरूंपाशी दोन शिष्य होते. होते असेच म्हणायचे, कारण ही कथा सुरू होते तेव्हा त्यांतला एकच उरला होता. दृष्टांतातल्या माणसांना सहसा नावे नसतात. तरी जो गेला त्याचे सांगतो. गेलेल्याचे नाव कुणीतरी घेत राहावे, एवढे तरी आपल्या हाती असते. त्याचे नाव मिहीर.

दोघे एकाच महाविद्यालयात शिकत आणि गावाबाहेरच्या धरणाच्या पाण्यावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती खेळत. महाविद्यालयाकडे शर्यतीची होडी एकच, आणि ती दोघांनी मिळून चालवायची. मागे बसणाऱ्याच्या हाती सुकाणू आणि मोठे शीड, पुढे बसणाऱ्याच्या हाती लहान शिडाचे दोर. वृद्ध गुरू गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभे राहत. मुले त्यांना ‘सर’ म्हणत, आपण गुरुजी म्हणू.

वाऱ्याच्या उलट होडी सरळ जात नाही. ती नागमोडी न्यावी लागते; थोडी डावीकडे, मग वळून थोडी उजवीकडे. प्रत्येक वळणाला शिडाचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन फिरतो, आणि वाटेत डोके आले तर डोक्याची खैर नसते. म्हणून गुरुजींनी पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावली होती. वळण्यापूर्वी मागच्याने विचारायचे, “पालटू का?” पुढच्याने दोर सावरून, मान खाली घालून सांगायचे, “पालट!” हे उत्तर कानी पडल्याखेरीज सुकाणू हलवायचे नाही, मग आभाळ कोसळो.

शिष्य मागे बसे आणि मिहीर पुढे. मिहीर मोठा अवली. तोंडात शेंगदाणे असले तर ते चावून होईपर्यंत उत्तर द्यायचा नाही. एका आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत तर ऐन वळणावर “थांब, शिंक येतेय” म्हणाला. शिंक काही केल्या येईना, आणि ती येईपर्यंत चार होड्या पुढे निघून गेल्या. शर्यत गेली. दोघे काठावर पोटे धरून हसत बसले आणि गुरुजी त्यांच्यावर ओरडून ओरडून दमले. ज्याच्यासोबत हरतानाही हसू येते असा माणूस आयुष्यात एखादाच भेटतो, आणि तो भेटला आहे हे त्या वयात कळत नाही.

मग हिवाळ्याच्या शेवटी तापाचे निमित्त झाले आणि मिहीर गेला. पाण्यात बुडून गेला असता तर पाण्याला शिव्या देता आल्या असत्या. इस्पितळाच्या खाटेवर गेला. दोष द्यायलाही कुणी नव्हते.

लोक समजूत घालायला आले. काळ हेच औषध, असे प्रत्येकजण सांगून गेला. मला हे वाक्य फार दिवसांपासून सहन होत नाही. औषध देणारा निदान रोग्याच्या तोंडाकडे तरी पाहतो. काळ कुणाकडे पाहतो? शिष्याचे ताट भरलेले परत जाऊ लागले. वर्गात तो जाईनासा झाला. “मला आता पुढचं काही दिसतच नाही गं,” असे तो आईला म्हणाला, तेव्हा त्या माउलीने घाबरून गुरुजींना फोन केला.

गुरुजींनी त्याला बोलावून घेतले. शर्यत जवळ आली होती. पहिल्या वर्षाची एक चुणचुणीत मुलगी त्यांनी पुढच्या जागी बसवली. होडी निघाली, वळायची वेळ आली. शिष्याने सवयीने विचारले, “पालटू का?” आणि मुलीने शिकवल्याप्रमाणे खणखणीत उत्तर दिले, “पालट!”

त्या परक्या आवाजासरशी शिष्याच्या हातून सुकाणू सुटले. होडी कलंडली, दोघे पाण्यात पडले. होडी सरळ करून काठावर आल्यावर तो त्या पोरीवर खेकसला, “तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?” ती बिचारी ओल्या कपड्यांनी गुरुजींकडे पाहत राहिली. तिचे काय चुकले होते?

गुरुजींनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि शिष्याला म्हणाले, “चल. पुढे मी बसतो.”

काठावर जमलेली बाकीची मुले चकित झाली. गुरुजींना होडीत बसलेले आजवर कुणीच पाहिले नव्हते. ते काठावरचे गुरू. होडीला एक ओरखडा उठला तरी दोन दिवस जेवण गोड न लागणारे.

वारा चांगला होता. होडी एका अंगावर कलून धरणाच्या भिंतीच्या दिशेने सुसाट निघाली. भिंतीच्या पायथ्याशी पाण्यात उतरत गेलेले काळे दगड रचलेले होते. गुरुजी पुढे पाठमोरे बसले होते. पांढरे केस, वाकलेले खांदे, हातात दोर. भिंत पुरेशी जवळ आली तेव्हा शिष्याने विचारले, “पालटू का?”

गुरुजी गप्प.

ऐकू गेले नसेल म्हणून त्याने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. गुरुजींनी मानसुद्धा वळवली नाही.

“सर, पालटू का? भिंत आली सर!”

होडी धावतच होती. नुसते शीड सैल सोडले असते तरी ती थांबली असती, पण तेही त्याला सुचेना. त्याच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली होती, की पुढून उत्तर आल्याशिवाय हलायचे नाही. पाण्याखालचे दगड दिसू लागले. तो ओरडला, गयावया केली. “सर, बोला ना! काहीतरी बोला ना हो!” शेवटी त्याच्या तोंडून नकळत निघून गेले, “मिहीर, बोल ना रे!”

आणि होडी दगडांवर आदळली. पुढच्या टोकाशी ती फुटली, डोलकाठी कडाडून खाली आली, दोघे कमरेइतक्या पाण्यात फेकले गेले. जीवरक्षक जाकिटे होती म्हणून खरचटण्यावर निभावले. दगडांना धरत धरत ते वर चढून बसले. खाली फुटकी होडी लाटांबरोबर दगडांवर घासत होती.

शिष्य उसळून म्हणाला, “तुम्ही का बोलला नाहीत? एक शब्द बोलायचा होता. तुम्हाला दिसत होतं सगळं!”

गुरुजी म्हणाले, “दिसत होतं. मी बोललो असतो तर तू वळला असतास. उद्या परत माझ्या शब्दाची वाट पाहिली असतीस. माझं वय बघ. माझा शब्द तुला किती दिवस पुरणार? तू विचारतो आहेस त्याचं उत्तर येणार नाही, बाळा. आज नाही, कधीच नाही. उत्तर आल्याशिवाय वळायचं नाही, हे मीच शिकवलं. ते दोघं असतात तेव्हाचं आहे. एकट्यानं वळलं तर पुढचं शीड उलटं भरतं, वेग मरतो, पाणी आत येतं, डोक्याला लागतं. होडी वाईट वळते. पण वळते.”

शिष्य म्हणाला, “हे काठावर बसूनही सांगता आलं असतं. होडी कशाला फोडायची?”

एवढ्यावर दृष्टांत संपायला हवा होता. प्रश्न झाला, बोध झाला. परंतु गुरुजींचा चेहरा उपदेश केलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. ते ओल्या धोतराचा तोच सोगा पुन्हा पुन्हा पिळत होते.

“फोडायची नव्हती,” ते म्हणाले. “तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो. दुसऱ्यांदाही मुद्दाम. वाटलं, आता वळशील. तिसऱ्यांदा तू हाक दिलीस तेव्हा मला बोलायचंच होतं रे. तोंड उघडेना.”

शिष्य त्यांच्याकडे पाहू लागला.

“आमच्या खाडीत आमची लहानशी शिडाची होडी होती. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर दादा आणि मी पलीकडच्या बाजारात नारळ न्यायचो. दादा मागे, मी पुढे. तो विचारायचा, मी सांगायचो. पुढे दादा गेला. तुझ्या मिहीरसारखाच, अंथरुणात. त्यानंतर मी होडीत पाय ठेवला नाही. शिट्टी घेऊन काठावर उभा राहिलो. लोक म्हणतात, काय ही निष्ठा, जन्म पाण्याला वाहिला. कसली निष्ठा? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला परत कुणीतरी मागून विचारील म्हणून मी उभा होतो. लग्न राहिलं, घर राहिलं. आज तू विचारलंस, आणि मला उत्तर देता आलं नाही.”

“मग हे कमी कधी होतं, सर?”

“मला नाही ठाऊक,” गुरुजी म्हणाले. “मी अजून त्याच बाजूनं चाललोय, वळलोच नाही. म्हणून तर तुला सांगतोय. माझ्यासारखा नको होऊस.”

इतक्या दिवसांत न रडलेला तो मुलगा तेव्हा रडला. मिहीरसाठी रडला आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यासाठीही. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांना स्वतःचेच आवरत नव्हते. ज्ञानी माणसाकडे आपल्या दुःखावर उतारा असेल अशी आशा घेऊन आपण जातो, आणि पुष्कळदा त्याच्याकडे निघते ते आपलेच दुःख, फक्त जुने झालेले. त्या शिष्याला हे फार लवकर कळले.

धरणाच्या भिंतीवरून मुले धावत आली. फुटलेली होडी पाहून त्यांचे चेहरे उतरले. दुसरी होडी नव्हती, म्हणजे यंदाची शर्यत गेली, हे सांगायला कुणी नको होते. ती पहिल्या वर्षाची मुलगी सर्वांत पुढे होती. तिने भीतभीत विचारले, “सर, कशी काय आदळली?”

गुरुजी उठायची धडपड करत म्हणाले, “माझ्यामुळे झालं. मी पुढे बसून…”

शिष्याने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभे केले. शेवाळलेल्या दगडांवर आधी आपला पाय रोवला, मग त्यांना टेकू दिला. आणि मुलीकडे पाहून म्हणाला, “नाही. सुकाणू माझ्या हातात होतं.”