यजमानाची चांदणी

"मग मी नसेन तेव्हा ही परिषद चालवणार कोण, ते तरी सांगा माई!"

माई पाण्याकडे बघत होत्या.

पाणी दिसत नव्हतं. धरणाच्या फुगवट्यावर पहाटेपासून धुकं बसलं होतं, आणि आता ते मठाच्या पायऱ्या चढून ओसरीपर्यंत आलं होतं. अंगणातलं बकुळीचं झाड दिसत नव्हतं, नुसतं असावं असं वाटत होतं.

"माई, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं मी," माई म्हणाल्या. "तू जेवलास का?"

परिषदेचा प्रश्न विचारणारे डॉ. यशवंत हर्डीकर. भाषाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वयानं सत्तरीच्या पुढे. मठ माईंचा; तिथे ते इतकी वर्षं येत होते की माई त्यांना अजून यशवंताच म्हणत.

त्यांच्यापुढे बैठं मेज होतं. मेजावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पन्नासेक छोट्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत एक चेहरा. धुक्यात त्या खिडक्या पाण्यात सोडलेल्या दिव्यांसारख्या वाटत होत्या.

ती अंगाईगीतांची परिषद होती. कुठल्या गावात बाळाला काय म्हणून निजवतात, ते ज्यानं त्यानं आपल्या घरातून सांगायचं. तिकीट नाही, मानधन नाही, मागे कुठली कंपनी नाही. सगळे हौसेनं राबणारे. बैठकीची खोली असो की सगळ्यांनी मिळून लिहायचं पान, सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर चाललेलं; म्हणजे कुणीही घ्यावं, आतून उघडून बघावं, बिघडलं तर दुरुस्त करावं, असं. त्याचा सर्व्हर म्हणून एक जुना संगणक मठाच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी गुणगुणत होता.

मी मठातलाच, ओसरीच्या कडेला बसलो होतो. शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. क्रम मात्र हाच होता, असं मला वाटतं.

"जेवायला उठता येत नाही," हर्डीकर म्हणाले.

"का? पाय दुखतात?"

"पाय कशाला दुखतील! माई, ही बघा. माझ्या नावाशेजारी चांदणी दिसते?"

माई वाकल्या. डोळे बारीक केले.

"दिसते. छान आहे."

"छान नाही माई, ती महत्त्वाची आहे. जो खोलीत सगळ्यांच्या आधी येतो, त्याच्या नावाला ती लागते. तो यजमान. कुणाचा आवाज बंद करायचा, कुणाला बाहेर काढायचं, ते त्याच्या हातात."

"आणि तो उठून गेला तर?"

"तर चांदणी दुसऱ्या कुणाकडे जाते. आपोआप. कुणाकडे, ते यंत्र ठरवतं. म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसतो मी. आणि सगळे गेल्याशिवाय उठत नाही."

माईंनी चांदणीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"दार नसलेलं घर बांधलंस," त्या म्हणाल्या, "आणि चौकटीत स्वतः बसलास."

"कुणीतरी बसायलाच हवं!"

…

पडद्यावर नवापूरकडच्या गावित मावशी गात होत्या. त्यांच्या गाण्याला शब्द थोडे होते, हुंकार जास्त. मागे त्यांच्या घरात कोंबडा आरवला. थोड्या वेळानं पुन्हा आरवला.

हर्डीकरांनी घड्याळ पाहिलं आणि एक बटण दाबलं. मावशींचे ओठ हलत राहिले, आवाज गेला.

"काय केलंस?"

"म्यूट केलं. त्यांची वेळ संपली होती. शिवाय तो कोंबडा."

"कोंबडा सुरात होता."

"माई, थट्टा नको. माझी तळमळ समजून घ्या." हर्डीकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे सगळं मी उभं केलं. विद्यापीठातले लोक हसले होते मला. फुकटच्या सॉफ्टवेअरवर आणि फुकटच्या माणसांवर परिषद होत नसते, म्हणाले. झाली की नाही? आणि आता ही बरोबर राबणारी मुलं म्हणतात, सर, पुढच्या वर्षी तुम्ही नुसतं ऐकायला या."

"असं म्हणाले?"

"अगदी नम्रपणे म्हणाले. तेच तर लागलं."

माई हसल्या नाहीत.

"आज शेवटी समारोप तुमचा आहे," हर्डीकर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "मठाची जागा, मठाची वीज. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. एवढंच म्हणा माई, की यशवंताशिवाय हे चालणार नाही. एवढं एकच वाक्य."

"आणि ते खरं नसलं तर?"

…

"तर मी इतके दिवस काय करत होतो, माई?"

धुक्यातून कुठून तरी होडीच्या वल्ह्याचा आवाज आला आणि विरला. माईंनी मांडीवरच्या शालीची घडी पुन्हा घातली. त्यांच्याजवळ मठाचा टॅब होता, तांब्याला टेकून उभा केलेला. समारोप त्यावरून करायचा होता. त्यातही त्याच खिडक्या होत्या, लहान होऊन. माईंच्या बाजूचा आवाज अजून बंद होता.

"सर, ऐकू येतंय का?" लॅपटॉपमधून एक तरुण आवाज आला.

ती सायमा मोमीन. मालेगावची. परिषदेचं वेळापत्रक तीच सांभाळत होती. सकाळी तिनं पाळण्याची दोरी पायानं कशी ओढायची, ते करून दाखवलं होतं. त्यासाठी फोन पाळण्यासमोर टांगून वेगळी खिडकी उघडली होती आणि खिडकीला नाव दिलं होतं, पाळणा. दाखवता दाखवता तिची मुलगी खरंच झोपली. फोन काढायला गेलं तर जाग येईल, म्हणून तो तसाच राहिला.

"बोल सायमा. पटकन."

"सर, पाळण्याचा आवाज तुम्ही बंद केलात?"

"हो, मघाशीच केला. तो खटखट आवाज कसला येत होता?"

"यंत्रमागाचा, सर. खाली आमचा कारखाना आहे ना. छोटीला त्याशिवाय झोप लागत नाही. वीज गेली की सगळे माग थांबतात, आणि ही लगेच उठून रडते." ती हसली. "तीच तिची अंगाई आहे, सर. म्हणून म्हटलं, असू द्यावा आवाज, थोडा वेळ."

"यंत्राचा आवाज म्हणजे अंगाई नव्हे, सायमा. आपण व्याख्या ठरवली आहे. पहिल्याच सत्रात."

"हो सर…"

"आणि ती खिडकी आता बंद कर. माणूस नाही, बोलणं नाही, नुसती जागा अडवून बसली आहे. लाइनवर ताण येतो."

"ताण काही येत नाहीये सर, मी बघितलं. आणि फोन काढला तर ती…"

"बरं, राहू दे. मीच काढतो बाहेर."

हर्डीकरांनी पाळण्याच्या खिडकीवर बाण नेला. खिडकीत पाळणा हलत होता. हळू. कुणी ओढत नव्हतं तरी. पलीकडच्या भिंतीवर उन्हाचा एक तुकडा त्याच्याबरोबर पुढे मागे होत होता.

"यशवंता," माई म्हणाल्या.

"एक मिनिट माई, हे एवढं…"

माईंनी हात लांब केला. झोपलेल्यावर दुपटं ओढावं, तशी त्यांनी लॅपटॉपची झाकणी अलगद खाली ओढली. बारीकसा टक् आवाज झाला.

हर्डीकरांचा हात तसाच हवेत राहिला.

"माई! काय केलंत हे!"

"झाकलं."

"मी बाहेर पडलो! चांदणी गेली माझी! सगळी परिषद…" ते झाकणी उघडायला गेले. उघडली, तर पडदा काळा. कळ दाबली. पुन्हा दाबली. वर्षानुवर्षांचा लॅपटॉप, जागा व्हायला त्याला आपला वेळ लागे.

"मोडली," हर्डीकर म्हणाले. "माई, मोडली परिषद."

माईंनी तांब्याला टेकलेल्या टॅबकडे बोट केलं.

…

खिडक्या तिथेच होत्या. एकच कमी.

"सर गेले वाटतं," कुणी तरी म्हणालं.

"लाइन तुटली असेल. येतील."

"मग आता यजमान कोण? चांदणी कुणाकडे गेली?"

"माझ्याकडे नाही."

"माझ्याकडेही नाही हो. सायमा, तुझ्याकडे?"

"नाही. थांबा, बघते." सायमा जरा थांबली. मग तिच्या तोंडून एक लहानसा उद्गार निघाला. "या अल्लाह…"

"काय गं?"

"पाळण्याकडे गेलीय."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एका खिडकीत हसू फुटलं, मग दुसऱ्या, मग सगळ्या खिडक्यांत. कुणी तोंडावर पदर धरला. कुणाचे खांदे हलत होते.

"शू… शू!" गावित मावशी म्हणाल्या. त्यांनी आपला आवाज स्वतःच पुन्हा सुरू केला होता. "हसता काय! उठंल ना पोर!"

हसू थांबलं.

आणि मग एकेका नावापुढे माइकवर रेघ दिसू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. एक आवाज मिटला, मग दुसरा. सांज झाल्यावर एकेका घराचं दार लोटावं, तसे ते मिटत गेले. हर्डीकर बघत होते. इतके दिवस ते घसा फोडून हेच सांगत होते, आणि इतके दिवस कुणाचा तरी कुकर, कुणाचा तरी दूधवाला, कुणाचा तरी फोन मध्ये येतच होता.

सायमा खिडकीत दिसेनाशी झाली. पाळण्याच्या खिडकीत तिचा हात आला, फोनजवळ गेला, आणि मागाचा आवाज सुरू झाला.

खट् खटक्. खट् खटक्.

लांबून येत होता तो. सारखा, न थकणारा. त्यावर गावित मावशींनी आपला हुंकार धरला. शब्द नव्हते. आता कोंबडाही नव्हता. धुकं ओसरीत आलं होतं, मेजाखाली, माईंच्या पदराशी. टॅबमधला उन्हाचा तुकडा पुढे मागे होत होता, आणि मला वाटलं ओसरीच डुलते आहे. वय झालं की असं वाटतं. कदाचित तसंच झालं असेल.

एका खिडकीत एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. दुसरीत एक बाई आपल्याच उशीला थोपटत होती, तिला ते कळत नव्हतं.

हर्डीकरांचा लॅपटॉप जागा झाला. पडदा उजळला. आत यायचं का, असं विचारणारं बटण मधोमध आलं.

त्यांनी बटणाकडे पाहिलं. मग टॅबकडे. मग पुन्हा बटणाकडे.

हात पुढे गेला नाही.

ते मेजापासून उठले. किती वेळानं उठले होते कोण जाणे, गुडघे वाजले. माईंच्या शेजारी, टॅबसमोर, जमिनीवर येऊन बसले. लहान मुलं बसतात तसे, अगदी खेटून.

पाळणा आता जवळजवळ थांबला होता.

टॅबवर एक ओळ उमटली. सायमानं लिहिली होती. बोलून नव्हे.

माई, समारोप?

माईंनी ती वाचली. चष्मा नीट केला. मग बोटानं आपला आवाज सुरू केला. पन्नास चेहरे पुढे झुकले. गावित मावशी थांबल्या.

माई काही बोलल्या नाहीत.

मागाचा आवाज येत राहिला. कोठीतला सर्व्हर गुणगुणत राहिला. वेळ गेला, बराच गेला असावा. माई पाळण्याकडे बघत होत्या.

हर्डीकरांना राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल, हे ते विसरले. किंवा विसरले नसतील. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

"माई… मग आता हे चालवतंय तरी कोण?"

माईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल यशवंता… यजमान झोपलेत."