खरवताच्या धक्क्यावर का भुंकतात

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि तो नसल्याचं कुणाला दुःखही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या अलीकडे वेळणे, पलीकडे खरवत. मधल्या पाण्यावरून माणसं नेणारी एक होडी होती. तिला आमच्याकडे 'तर' म्हणतात, आणि ती चालवणाऱ्याला तारी. वेळण्याचा तारी होता गोमा.

गोमासारखा तारी पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. भर उधाणात तो उभ्याने वल्हवायचा आणि बायकांच्या पाट्यांमधला एक मासा भिजायचा नाही. मासे मुळात ओलेच असतात, पण ते सोडा. त्याचं खरं नाव झालं होतं ते कानांसाठी. पलीकडच्या धक्क्यावर कुणी तोंडाशी हात धरून "गोमा रे" म्हणायचा अवकाश, की हा उठलाच. पुढे पुढे लोक पुरती हाकही मारत नसत, नुसते खाकरत. खरवतात एखाद्याच्या मनात वेळण्याला जायचं आलं तरी गोमाला ऐकू जातं, असं म्हणतात.

आणि गोमाजवळ सुकट्या होता. सुकट्या म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना एका कोळणीच्या सुकटीच्या पाटीत झोपून तो होडीत आला आणि उतरलाच नाही, म्हणून सुकट्या. अंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. दिवसभर होडीच्या टोकाशी बसायचा. पलीकडे कुणी आलं की भुंकायचा. गोमा वल्हं उचलता उचलता त्याला दरडावायचा, "आयकलंय रे मेल्या. मी काय बहिरो आसंय?"

गोमाची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दिवसभर तो बोलायचा सुकट्याशी, आणि होडीत माणूस बसलं की त्या माणसाशी. इतका बोलायचा, की समोरच्याला तोंड उघडायला वावच मिळत नसे. झोपताना मात्र गप्प व्हायचा. तेव्हा त्याचा एक हात सुकट्याच्या पाठीवर असायचा, आणि रात्री पलीकडे कुणी आलं की सुकट्या भुंकायचा, तसा तो उठायचा.

सुकट्या म्हातारा झाला आणि थंडीतल्या एका सकाळी उठलाच नाही. गोमाने त्याला धक्क्याजवळच्या उंडीच्या झाडाखाली पुरलं आणि तिथेच बसून तो ओक्साबोक्शी रडला. होडीचं रिकामं टोक त्याला बघवेना. म्हणून तो पाण्याकडे पाठ करून बसू लागला.

गाव चांगलं होतं, आणि तेच नडलं. आमच्याकडची रीत अशी, की ज्या घरात कुणी गेलं, त्या घराच्या आसपास सुतक फिटेपर्यंत कुणी मोठ्याने हाक मारायची नाही. गावकरांनी, म्हणजे वेळण्याच्या मुख्यांनी, सांगितलं की सुकट्याचंही सुतक पाळायचं. झालं. दोन्ही तीरांवर हाका बंद. माणसं धक्क्यावर यायची, हात बांधून उभी राहायची आणि हलकेच पुटपुटायची, "गोमा, सवडीने ये हां." गोमा काही यायचा नाही. जी माणसं त्याला भेटायला जायची तीही दबक्या आवाजात बोलायची. गोमाला वाटे, ही माणसं मनातल्या मनात जप करताहेत.

सुतक फिटलं. लोकांनी मोकळ्या गळ्याने हाका मारल्या, तरी गोमा पाठ करून बसलेलाच. आधी लोकांना वाईट वाटलं, मग राग आला. कुणी म्हणालं, शोक आहे. कुणी म्हणालं, कसला शोक, माज आहे. साऱ्या खाडीत सगळ्यात तिखट कान ज्याचे, त्याला ऐकू येत नसेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गंमत अशी, की ते गोमाच्याही डोक्यात आलं नाही. त्याला वाटे, आपल्याला आता कुणी बोलावतच नाही. लोक इतकी वर्षं सुकट्यासाठी येत होते, आता कशाला येतील? तो उंडीखाली बसायचा आणि मला एकट्याला टाकून गेलास म्हणून सुकट्याशी भांडायचा.

शेवटी एक दिवस गावकर त्याच्यासमोर येऊन बसले. माघातल्या पुनवेपर्यंत वाट बघतो, म्हणाले, मग होडी दुसऱ्याकडे द्यावी लागेल. ते समोर बसून बोलले, म्हणून तेवढं गोमाला कळलं. होडीशिवाय त्याच्याजवळ आता काही उरलं नव्हतं. तरी त्याने नुसती मान हलवली.

पुनव उद्यावर आली, आणि वेळण्यात चंद्रीला कळा सुरू झाल्या. चंद्रीची ही पहिली खेप, आणि मूल आडवं होतं. अशा वेळी येसू सुईणच हवी, आणि येसू राहायची खरवतात. दोन्ही गावं येसूच्या हातांवर जन्मलेली, तेव्हा तिच्यापुढे मोठ्याने बोलायची कुणाची टाप नव्हती. खुद्द गावकरांच्या पाठीवर पहिली चापट तिनेच मारलेली. चंद्रीचा नवरा जनू सकाळीच गोमाला हाताला धरून होडीत आणून खरवतात उतरला. येसू डोंगरावरच्या वाडीत दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली होती. तिला घेऊन जनू धक्क्यावर आला तेव्हा उन्हं कलली होती, गोमा परत जाऊन पाठ करून बसला होता, आणि ओहोटी लागली होती. पाणी उतरलं की खाडीत मधोमध कंबरभर चिखल होतो, त्यात होडी जात नाही आणि माणूसही जात नाही. जनूने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग तो रडायलाच लागला.

येसूने त्याला गप्प केलं आणि जरा विचार केला. गोमाची होडी सुटताना तिने हजार वेळा पाहिली होती, पण सुकट्या भुंकायच्या आधी सुटलेली एकदाही पाहिली नव्हती. तिने गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला, जनूला म्हणाली, "तोंड थयसर फिरव. आणि ह्या कोणाक सांगलंस तर बघ."

मग येसू भुंकली.

पहिल्यांदा जरा लाजून, मग जीव खाऊन. तसं भुंकणं या खाडीने आधी ऐकलं नव्हतं, असं म्हणतात. कुर्ल्या बिळात शिरल्या, बगळे उडाले. खरवताच्या कुत्र्यांनी तिला साथ दिली, ती वेळण्याच्या कुत्र्यांनी उचलली. गल्लीगल्लीतून कुत्री सुटली आणि धक्क्यावर गोमाभोवती गोळा झाली. त्यातल्या निम्म्यांचा एक कान उभा आणि एक पडलेला होता. सुकट्या काही सगळा वेळ होडीतच बसून नसायचा.

गोमाने वर पाहिलं. इतकी कुत्री खरवताकडे तोंड करून उभी होती, त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, माना ताणल्या होत्या. आवाज मात्र लांबून माशी गुणगुणावी तेवढाच. गोमाने शेजारच्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि ते भुंकणं त्याच्या तळव्यात आलं, रात्री सुकट्याचं यायचं तसंच.

तेव्हा त्याला कळलं. कान केव्हाच गेले होते, हळूहळू गेले होते, आणि सुकट्याने ते गेल्याचं त्याला कळू दिलं नव्हतं.

त्याने मान वळवली. पलीकडच्या धक्क्यावर येसू दिसली, पदर खोचलेली, हातवारे करणारी. गोमा होडीत उडी मारून बसला, आणि दोन कुत्री आपणहून टोकाशी जाऊन बसली. त्या दिवशी होडी पाण्याला टेकलीच नाही, असं म्हणतात. येसू अलीकडे पोचेपर्यंत ओहोटी जागच्या जागी थांबून राहिली, असंही म्हणतात, आणि येसूला ओळखणाऱ्यांना ते सहज खरं वाटतं.

चंद्रीला मुलगी झाली. अंगणात सारं गाव जमलं होतं. येसू मुलीला घेऊन बाहेर आली ती थेट गोमाकडे गेली. वाटेत होडीतच तिला सगळं उमगलं होतं. तिने मुलीला त्याच्या हातांवर ठेवलं आणि त्याचा तळवा तिच्या पाठीला लावला. मुलगी भोकाड पसरून रडत होती. गोमाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो हसायलाही लागला.

"आयकलंय," तो म्हणाला. मग गावाकडे वळून म्हणाला, "मी तेका रोज सांगी, गप रव. आणि तोच माका आयकवत होतो. तो गेलो म्हणान रडत बसलंय, पण इतकी वर्सा माजो होतो, ह्या बघूकच नाय."

 होडी तुझीच, एवढं गावकरांनी खुणेने सांगितलं, आणि मग येसूला हळूच विचारलं की याला यापुढे बोलवायचं कसं. येसू म्हणाली, "कसा म्हणजे? भुंका."

दुसऱ्या दिवशी पुनवेला गोमाने उंडीखाली चूल मांडली आणि दोन्ही गावांच्या कुत्र्यांना पोटभर बांगडा आणि भात वाढला. वाढताना सुकट्याच्या एकेक खोड्या सांगून तो हसत होता, आणि कुणाला बोलायला वाव देत नव्हता. त्या दिवसापासून तो पाण्याकडे तोंड करून बसू लागला. सुकट्याच्या पिल्लांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या. खरवताच्या धक्क्यावर माणसाने भुंकायचं, वेळण्याच्या धक्क्यावर पिल्लाने उत्तर द्यायचं, गोमाने पिल्लाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि निघायचं. खूप म्हातारा होईपर्यंत त्याने असं वल्हवलं. तो गेला त्या संध्याकाळी होडी कुणी न वल्हवता खाडीत निघाली आणि तिच्या टोकाशी एक उभा आणि एक पडलेला कान दिसत होता, असं म्हणतात.

आता पूल झाला आहे. पण माघातल्या पुनवेला त्यावरून कुणी जात नाही. सगळे खरवताच्या धक्क्यावर येतात. मास्तर, डॉक्टर, बँकेतले साहेब, सारे तोंडाशी हात धरून भुंकतात. त्या वर्षी जन्मलेली मुलं होडीत आणतात आणि तारी प्रत्येकाच्या पाठीला तळवा लावतो. मूल रडलं तर सगळ्यांना आनंद होतो. होडीच्या टोकाची जागा कुत्र्याची, आणि सुकटीची पहिली मूठ त्याची.

गेल्या वर्षीची नवी सून नाशिककडची होती. धक्क्यावर उभी राहिली आणि भुंकायला लाजायला लागली. सासू चंद्रीच्या लेकीच्या वंशातली. ती म्हणाली, "लाज नको गो. आमची येसूआजी लाजली असती, तर मी जन्माकच इले नसतंय." सून हसली, तिने पदर खोचला आणि भुंकली. वेळण्याच्या धक्क्यावरून आधी एका कुत्र्याने, मग सगळ्यांनी तिला उत्तर दिलं.