धाप

"मग आता आणखी काय चढायचं राहिलं, महाराज?"

रंगशास्त्र्यांच्या स्वरात विनय होता, पण त्यात थोडी कुरकुरही होती. घरदार सोडून ते डोंगरावरच्या मठात आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. उपास झाले, मौन झालं. तरी अचलगिरी महाराज दीक्षेचं नाव काढत नव्हते.

महाराज म्हणाले, "तुम्ही शब्दांचे जाणकार. चढणं म्हणजे काय, ते सांगा."

शास्त्री खुलले. डोंगर चढतात तसा ताप चढतो, सूर चढतो, नशा चढते, देवाला फूल चढतं, असं ते सांगत गेले. विद्येचाही मद चढतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं, आणि सांगितल्याचं त्यांना बरंही वाटलं.

"झाले सगळे अर्थ?"

"झाले."

महाराजांनी खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं.

"सकाळी तुमच्या गावचा माणूस आला होता. काय म्हणत होता?"

शास्त्र्यांचा चेहरा उतरला. धाकटा भाऊ धोंडदेव अंथरुणाला खिळला होता. दादाला एकदा बघायचंय, एवढाच निरोप होता. वाटणीच्या भांडणात याच धोंडदेवानं त्यांना चारचौघांत नको ते सुनावलं होतं. तुझ्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, अशी शपथ घेऊन शास्त्री बाहेर पडले होते, आणि ती त्यांनी पाळली होती. निरोप्याच्या हाती त्यांनी अंगारा तेवढा दिला होता.

महाराजांनी काठी घेतली आणि डोंगर उतरायला सुरुवात केली. गुडघ्यांनी त्यांना कधीच जेरीला आणलं होतं. मठाबाहेर ते पडतच नसत. शास्त्री धावले, त्यांचा हात धरला, कुठे निघालात म्हणून विचारलं.

महाराज उतरतच राहिले.

दुपार कलता कलता दोघे धोंडदेवाच्या अंगणात पोहोचले. आत कुणीतरी खोकत होतं. दाराला पायरी एकच, तीही झिजलेली. महाराज अंगणातच थांबले.

शास्त्र्यांनी पाऊल उचललं... पुन्हा खाली ठेवलं. कपाळावर घाम आला.

"कोण आहे?" आतून क्षीण आवाज आला.

 शास्त्र्यांनी परत पाऊल उचललं. उंबऱ्याशी आले तेव्हा त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"महाराज... धाप लागली."

"लागणारच. चढ आहे."